कार्बोरेटर सिंक घरी होतं, पण ते सगळ्यात शेवटचं काम आहे

प्रश्न थोडक्यात असा आहे: २०१० ची कावासाकी निन्जा २५०आर सेकंडहँड घेतली आहे. आयडलिंगला गाडी थरथरते, २००० ते ४००० आरपीएममध्ये हँडलला झिणझिण्या येतात, थ्रॉटल जरासा उघडला की झटका बसतो. मेकॅनिक म्हणतो, दोन्ही कार्बोरेटर सिंक करायला हवेत, म्हणजे दोन्हींतून सारखी हवा जाईल असे जुळवायला हवेत. व्हॅक्यूम गेज आणून हे काम घरी करता येईल का, आणि कसं?

करता येईल. स्क्रू फिरवण्याचं प्रत्यक्ष काम दहा मिनिटांचं आहे. त्याआधीची तयारी मात्र अर्धा दिवस खाते, आणि निकाल त्या तयारीवरच ठरतो. गेज तुम्हाला दोन सिलिंडरमधला फरक दाखवतो, फरक का पडला हे सांगत नाही. टॅपेट टाइट असो (म्हणजे व्हॉल्व्हची फट कमी झालेली), इनटेकचं रबर चिरलेलं असो की पायलट जेट (आयडलिंगला पेट्रोल देणारा बारीक भोकाचा जेट) तुंबलेला असो, सिंकचा स्क्रू फिरवून दोन्ही काटे एका रेषेत आणता येतात. बिघाड आत तसाच राहतो, फक्त आता तो गेजवर दिसत नाही. म्हणून आधी बिघाड शोधायचे आणि सिंक सगळ्यात शेवटी करायचं.

ही गाडी बजाजने २००९ मध्ये आपल्याकडे आणली तेव्हा युरोपातल्या मॉडेलला कार्बोरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन होतं. आपल्याला दोन केहिन सीव्हीके ३० कार्बोरेटर मिळाले. २४९ सीसी, शेजारी-शेजारी दोन सिलिंडर, क्रँक १८० अंशांची. म्हणजे एक पिस्टन वर असताना दुसरा खाली. एका सिलिंडरचा स्फोट झाला की १८० अंशांनी दुसऱ्याचा होतो आणि मग ५४० अंशांची मोकळीक. त्यामुळे या इंजिनाचा आयडलिंगचा आवाज मुळातच थोडा लंगडा असतो. सिंक अचूक झालं तरी तो चार सिलिंडरच्या गाडीसारखा सलग होणार नाही. हे आधी कळलेलं बरं, नाहीतर माणूस दिवसभर स्क्रू फिरवत बसतो.

आता गेज नेमकं काय मोजतो ते पाहू. आयडलिंगला दोन्ही बटरफ्लाय (कार्बोरेटरमध्ये हवेची वाट उघडणाऱ्या-मिटवणाऱ्या चकत्या) जवळपास बंद असतात, कडेला केसभर फट असते. पिस्टन खाली जाताना त्या फटीतून हवा ओढतो आणि बटरफ्लायच्या इंजिनाकडच्या बाजूला व्हॅक्यूम तयार होतो. फट लहान असेल तर व्हॅक्यूम जास्त, फट मोठी असेल तर कमी. इथेच बहुतेकांची गफलत होते. ज्या सिलिंडरचा काटा जास्त व्हॅक्यूम दाखवतो तो जोरात चाललाय असं वाटतं, पण खरं तर त्याला हवा कमी मिळते आहे. त्याची बटरफ्लाय जास्त मिटलेली आहे. फट इतकी बारीक असते की डोळ्याला न दिसणारा फरकही एका सिलिंडरवर जास्तीचं काम टाकतो, आणि तुम्हाला जाणवणारी थरथर तीच. थ्रॉटल जसा उघडतो तसं त्या बारीक फरकाचं महत्त्व संपतं. म्हणून सिंक बिघडलं की त्रास आयडलिंगला आणि हलक्या थ्रॉटलला होतो. ९००० च्या पुढे गाडी ओढत नसेल तर त्याचा दोष सिंकला देऊ नका. थ्रॉटल सोडल्यावर सायलेन्सरमध्ये फटफट होत असेल किंवा रेस खाली यायला वेळ लागत असेल तर आधी हवेची गळती आणि पातळ मिश्रण (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) तपासा.

पहिली तपासणी टॅपेटची. इंजिन पूर्ण थंड असताना, म्हणजे रात्रभर उभी राहिलेली गाडी, सकाळी फट मोजायची. या इंजिनात फट शिम (ठरावीक जाडीची चकती) बदलून बसवतात, त्यामुळे स्वतः केलं नसेल तर हे काम माहितगाराकडून करून घ्या, पण वगळू नका. एका सिलिंडरचा इनटेक व्हॉल्व्ह टाइट झाला की तो लवकर उघडतो, उशिरा मिटतो आणि त्या सिलिंडरचा व्हॅक्यूम पडतो. गेजवर हे बटरफ्लाय जास्त उघडी असल्यासारखंच दिसतं. मग तुम्ही ती बटरफ्लाय मिटवता. काटे जुळतात, आणि आधीच अशक्त असलेल्या सिलिंडरची हवा तुम्ही आणखी कमी केलेली असते.

दुसरी, इनटेकचे रबर. कार्बोरेटर आणि हेडच्या मधले हे रबर दहा-पंधरा वर्षांत कडक होतात आणि क्लॅम्पखाली चिरतात. बॅटरीच्या उजेडात ते वाकवून पाहा, कारण चीर सरळ बघितल्यावर दिसत नाही. नंतर गाडी आयडलिंगला ठेवून फवाऱ्याने रबरच्या कडेवर थोडं पाणी मारा. रेस बदलली तर तिथे गळती आहे. गरम इंजिनावर कार्ब क्लीनर मारून तपासायची पद्धत गॅरेजमध्ये सर्रास दिसते, ती करू नका. त्याची वाफ पेट घेते. क्लॅम्प आवळा, पण रबर चेमटेल इतका नको.

तिसरी, पायलट जेट. आयडलिंगचं सगळं पेट्रोल या एका जेटमधून जातं आणि त्याचं भोक अर्ध्या मिलिमीटरहून बारीक असतं. गाडी पावसाळाभर कोकणातल्या किंवा मुंबईतल्या दमट हवेत उभी असेल, त्यात इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल, तर फ्लोट बाऊलमध्ये गाळ आणि चिकटा बसतो आणि पहिला बळी या जेटचा जातो. ओळखायची सोपी खूण आहे. थंड गाडी सुरू करा आणि पहिल्या मिनिटातच दोन्ही बेंड पाईपचं (इंजिनातून धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचं) तापमान हेडपासून सारख्या अंतरावर इन्फ्रारेड थर्मामीटरने बघा. थर्मामीटर नसेल तर दोन्हीवर पाण्याचे थेंब टाका. एकावर थेंब चुर्रकन उडतो आणि दुसऱ्यावर नुसता ओघळतो, म्हणजे तो सिलिंडर आयडलिंगला जळतच नाही. तिथे गेज लावण्याआधी प्लग, प्लग कॅप आणि पायलट जेट पाहायला हवेत. जेट तारेने किंवा सुईने कोरू नका, पितळ मऊ असतं आणि भोक मोठं होतं. क्लीनरमध्ये भिजवा आणि कॉम्प्रेसरची हवा मारा.

कार्बोरेटर बाहेर काढलेच असतील तर दोन गोष्टी तिथेच उरका. डायफ्राम (हवेची वाट कमी-जास्त करणारी स्लाइड उचलणारा रबरी पडदा) उजेडासमोर धरून टाचणीएवढं भोक तरी दिसतंय का ते पाहा. रबरच्या डायफ्रामवर कार्ब क्लीनर लागू देऊ नका, तो फुगतो आणि मग खाचेत बसत नाही. दुसरी गोष्ट म्हणजे टेबलावरचं कच्चं सिंक. दोन्ही कार्बोरेटर इंजिनाकडच्या तोंडाने उजेडाकडे धरा. बटरफ्लायच्या कडेला उजेडाची चंद्रकोर दिसते. दोन्ही कोरी सारख्या दिसेपर्यंत सिंकचा स्क्रू फिरवा. त्याहून अचूक करायचं तर गिटारची सर्वात बारीक तार घ्या. आयडल स्क्रूने एक बटरफ्लाय इतकी उघडा की तार हलकी घासत निघेल, मग दुसरीत तेवढीच घासेल असा सिंकचा स्क्रू लावा. हे नीट जमलं तर गाडीवर बसवल्यावर गेज बहुधा थोडाच फरक दाखवतो.

शेवटी केबल. मूठ फिरायला लागण्याआधी २ ते ३ मिलिमीटर ढिली हवी, आणि आयडलिंगला हँडल डावीकडून उजवीकडे पूर्ण वळवल्यावर रेस चढता कामा नये. केबल ताणलेली असेल तर बटरफ्लाय आयडल स्क्रूवर टेकतच नाहीत आणि सगळं सिंक खोटं ठरतं. एअर फिल्टर स्वच्छ करून जागेवर बसवूनच सिंक करायचं. एअरबॉक्स उघडा ठेवून घेतलेलं रीडिंग रस्त्यावर खरं ठरत नाही.

आता गेज. तयार सेटमध्ये दोन किंवा चार डायल, नळ्या आणि ॲडॉप्टर मिळतात आणि पहिल्यांदा करणाऱ्याला तो सोयीचा. सुटे घ्यायचे तर मुंबईत नागदेवी स्ट्रीटवर ० ते ७६० मिलिमीटरचे (व्हॅक्यूम पाऱ्याच्या उंचीत मोजणारे) गेज मिळतात. ६३ मिलिमीटर डायलचे, एकाच कंपनीचे दोन घ्या. नळ्या आतून ४ ते ५ मिलिमीटरच्या, जाड भिंतीच्या आणि दोन्ही अगदी सारख्या लांबीच्या हव्यात. मऊ नळी व्हॅक्यूमने चपटी होते.

गेज थेट लावला तर काटा इतका फडफडतो की काहीच वाचता येत नाही. १३०० आरपीएमला प्रत्येक सिलिंडर सेकंदाला जवळपास ११ वेळा हवा ओढतो आणि काटा प्रत्येक ओढीबरोबर नाचतो. त्यासाठी नळीत आखडण, म्हणजे वाट अरुंद करणारं काहीतरी, लागते. माशांच्या टाकीच्या हवेच्या नळीला लावतात तो छोटा व्हॉल्व्ह उत्तम चालतो. जुना पायलट जेट नळीत दाबून बसवला तरी चालतं. व्हॉल्व्ह इतका आवळा की काटा किंचित थरथरत राहील. पूर्ण स्थिर झाला तर जास्त आवळला असं समजा, मग स्क्रू फिरवल्याचा परिणाम काट्यावर फार उशिरा दिसतो आणि तुम्ही पुढे निघून गेलेले असता.

दोन स्वस्त गेज एकच व्हॅक्यूम सारखा दाखवतील याचा भरवसा नाही. आधी एक टी-जोड घेऊन दोन्ही गेज एकाच सिलिंडरला लावा. एक २१ आणि दुसरा २२ सेंटिमीटर दाखवत असेल तर तो १ सेंटिमीटरचा फरक कागदावर लिहा आणि पुढे तेवढा वजा करा. ही पायरी टाळणारे लोक गेजमधला फरक कार्बोरेटरमध्ये उतरवतात. सगळं झाल्यावर नळ्यांची अदलाबदल करून पुन्हा बघा. फरक गेजबरोबर सरकला तर दोष गेजचा, सिलिंडरबरोबर राहिला तर खरा.

पैसे वाचवायचे असतील तर तेलाचा मॅनोमीटर करता येतो. सुमारे ४ मीटर पारदर्शक नळी एका फळीवर यू आकारात बांधायची, तळाला टू-टी ऑइल भरायचं आणि दोन टोकं दोन सिलिंडरना जोडायची. हा गेजपेक्षा कितीतरी संवेदनशील असतो. पाऱ्याच्या २ सेंटिमीटर फरकाला तेलाच्या दोन पातळ्यांत ३० सेंटिमीटरहून जास्त अंतर पडतं. हाच त्याचा धोका आहे. एक नळी निसटली किंवा कार्बोरेटरमध्ये फार फरक असला की तेल सरळ इंजिनात ओढलं जातं, आणि ते काही क्षणांत होतं. म्हणून दोन्ही बाजूंना झाकण घट्ट बसणाऱ्या रिकाम्या बाटल्या मध्ये घाला, म्हणजे तेल उसळलं तर बाटलीत पडेल. आणि टेबलावरचं कच्चं सिंक केल्याशिवाय हा लावूच नका. व्हॅक्यूम मोजायच्या पारा भरलेल्या जुन्या कांड्या कुणी स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. घरात पारा सांडला तर तो फटींत जाऊन बसतो आणि त्याची वाफ विषारी असते.

पेचकसाबद्दल एक सांगतो, कारण इथे होणारं नुकसान परत भरून येत नाही. जपानी कार्बोरेटरचे अधिकच्या खुणेचे (+) स्क्रू जपानी मापाचे असतात. त्यांची खाच साध्या फिलिप्सपेक्षा वेगळी असते. फिलिप्स पेचकस त्यात तळाला टेकत नाही, जोर लावला की वर सरकतो आणि खाच गोल करतो. जेआयएस (म्हणजे तेच जपानी माप) २ नंबरचा, लांब दांड्याचा पेचकस मागवून ठेवा.

टाकी काढावी लागते, म्हणजे पेट्रोलची वेगळी सोय हवी. गॅरेजमध्ये सलाइनची बाटली टांगतात. थोड्या वेळासाठी ती चालते, पण तिची नळी पेट्रोलने कडक होते, त्यामुळे एकदा वापरून टाकून द्या आणि जोडावर क्लॅम्प लावा. मोडीतल्या मोपेडची छोटी टाकी मिळाली तर ती सर्वात चांगली. पाव लिटर पेट्रोल पुरतं. ते कार्बोरेटरच्या वर आणि बेंड पाईपपासून लांब टांगा. टाकीचा कॉक व्हॅक्यूमवर चालणारा असेल तर टाकी काढल्यावर त्याची इनटेककडून येणारी बारीक नळी मोकळी राहते. ती बंद करा, नाहीतर त्या सिलिंडरमध्ये हवा शिरते आणि रीडिंग चुकतं. काम उघड्यावर करायचं, बंद पार्किंगमध्ये नाही, कारण धुरातला कार्बन मोनॉक्साइड वासाने कळत नाही. पावडरचा अग्निशामक किंवा निदान वाळूची बादली हाताशी हवी. या गाडीला रेडिएटर आणि पंखा आहे, तरी समोर पेडेस्टल फॅन लावा. हवेने थंड होणाऱ्या गाडीला तर तो लागतोच.

इंजिन कामाच्या तापमानाला आणण्यासाठी १० ते १५ मिनिटं गाडी चालवून या. जागेवर उभी करून तापवलेलं इंजिन सगळीकडे सारखं तापत नाही. चोक पूर्ण बंद आहे ना ते पाहा. मग टाकी काढा आणि इनटेकवरच्या व्हॅक्यूमच्या जागा शोधा. कुठे रबरी टोपी घातलेली नळकांडी असते, कुठे ५ किंवा ६ मिलिमीटरचा छोटा स्क्रू काढून ॲडॉप्टर बसवावा लागतो. स्क्रूखालचा वायसर हरवू देऊ नका. नळ्या जोडा आणि बेंड पाईपला टेकणार नाहीत अशा बांधा.

गाडी सुरू करा आणि आयडल नॉबने रेस १३०० वर आणा. कंपनीचं माप १३०० आहे, ५० इकडे-तिकडे चालतं. काटे स्थिरावू द्या आणि दोन्ही आकडे लिहा. आकडा साधारण २० सेंटिमीटरच्या आसपास येईल, पण त्यावर अडून बसू नका. आखडण किती आवळली यावर तो बदलतो आणि उंचीवरही. समुद्रसपाटीपासून दर ३०० मीटरला व्हॅक्यूमचं रीडिंग साधारण अडीच सेंटिमीटरने कमी येतं. पुण्यात तीच गाडी मुंबईपेक्षा ४-५ सेंटिमीटर कमी दाखवेल आणि महाबळेश्वरला त्याहून बरंच कमी. तुम्हाला हवा आहे तो दोघांतला फरक. कावासाकीची मर्यादा २ सेंटिमीटर आहे, म्हणजे २.७ किलोपास्कल. ती सहन करण्याची हद्द आहे, ध्येय नाही. थोडा धीर धरला तर अर्ध्या सेंटिमीटरच्या आत सहज येतं आणि हँडलवर तो फरक जाणवतो.

सिंकचा स्क्रू दोन कार्बोरेटरच्या मधोमध, स्प्रिंग असलेल्या जोडावर असतो. मिश्रणाचा (हवा-पेट्रोलचं प्रमाण ठरवणारा) स्क्रू वेगळा, तो प्रत्येक कार्बोरेटरला एकेक असतो आणि बऱ्याचदा पितळी टोपीखाली दडलेला असतो. या दोघांची गल्लत करू नका. मिश्रणाच्या स्क्रूने व्हॅक्यूम जुळवायला गेलात तर एक सिलिंडर पातळ आणि एक जाड चालेल.

स्क्रू एका वेळी एक अष्टमांश फेरीच फिरवा. कोणत्या दिशेने काय होतं ते पहिल्याच हालचालीत कळतं: स्क्रूने एक बटरफ्लाय हलते, तिचा काटा बदलतो आणि रेसही बदलते. आता नीट लक्ष द्या. पेचकस स्क्रूवर टेकलेला असताना काटा वाचू नका. लांब पेचकसाचं वजन आणि तुमच्या हाताचा दाब स्प्रिंगच्या जोडावर पडतो आणि बटरफ्लाय तेवढी हलते. काटे अगदी जुळलेले दिसतात, तुम्ही पेचकस उचलता आणि ते पुन्हा फाकतात. म्हणून क्रम असा ठेवा: किंचित फिरवा, पेचकस पूर्ण काढा, थ्रॉटल एकदा हलका मारून सोडा म्हणजे जोड आपल्या जागी बसतो, पाच-सात सेकंद थांबा आणि मग वाचा. रेस १३०० वरून सरकली असेल तर आधी ती नॉबने परत आणा. रेस बदललेली असताना केलेली तुलना कामाची नसते.

आयडलिंगला काटे जुळले की थ्रॉटल हळू उघडून ३००० आणि मग ४००० वर धरा. दोन्ही काटे बरोबरीने हलले तर काम झालं. आयडलिंगला जुळलेले काटे ३००० ला फाकले, तर तिथे थांबा आणि विचार करा. आयडलिंगला तुम्ही बटरफ्लायने कुठला तरी दुसरा दोष झाकलेला असण्याची शक्यता मोठी आहे. रबरमधली गळती असेल तर ती आयडलिंगला मोठी वाटते आणि थ्रॉटल उघडल्यावर नगण्य होते; तुम्ही मिटवलेली बटरफ्लाय मात्र तशीच मिटलेली राहते, म्हणून आता तो काटा जास्त व्हॅक्यूमकडे जातो. याउलट आधी ३००० ला जुळलेलं आणि आयडलिंगला फाकलेलं असेल तर गळती, टॅपेट आणि पायलट सर्किट या क्रमाने शोधा. प्रत्येक वेळी थ्रॉटल मारल्यावर रीडिंग वेगळंच येत असेल, तर बटरफ्लायचा शाफ्ट झिजलेला आहे किंवा सिंकच्या जोडाची स्प्रिंग ढिली आहे. शाफ्ट हाताने वर-खाली हलवून पाहा. खडखड लागली तर कितीही सिंक करा, टिकणार नाही. वरच्या रेसला एकच काटा अडखळत असेल तर डायफ्राम किंवा स्लाइड चिकटते आहे.

हे सगळं पाच-सहा मिनिटांच्या टप्प्यांत करा. तापमानाचा काटा वर चढू लागला की इंजिन बंद करून थोडं थांबा. जास्त तापलेल्या इंजिनाचं आयडलिंग सरकतं आणि मग तुम्ही सरकत्या आकड्यांच्या मागे धावता.

जुळल्यावर मिश्रणाचा स्क्रू हलवावा लागला, तर त्यानंतर सिंक पुन्हा तपासायचं. क्रम असा: मिश्रणाचा स्क्रू आधी कंपनीने सांगितलेल्या फेऱ्यांवर, मग सिंक, मग मिश्रणाची बारीक सुधारणा, आणि पुन्हा एकदा सिंकवर नजर. सिंकच्या स्क्रूला लॉकनट असेल तर तो आवळताना रीडिंग सरकतं, आवळल्यावर वाचा. मग गेज काढा आणि व्हॅक्यूमच्या टोप्या किंवा स्क्रू परत घट्ट बसवा. जुनी टोपी चिरलेली असेल तर बदला. काही रुपयांची ती टोपी गळली की त्याच सिलिंडरमध्ये हवा शिरते आणि दोन आठवड्यांनी गाडी परत तशीच थरथरते. टाकी बसवून इंजिन गरम असताना आयडलिंग शेवटचं लावा. यानंतर पुढच्या टॅपेट तपासणीपर्यंत हात लावायची गरज पडू नये. सुरुवातीचे आणि शेवटचे आकडे तारखेसह लिहून ठेवा. हजार-दीड हजार किलोमीटरमध्ये तोच कार्बोरेटर पुन्हा सरकला तर झीज कुठे आहे ते त्या कागदावरूनच कळेल.

हीच पद्धत आयात केलेल्या ४०० सीसीच्या चार सिलिंडर गाड्यांनाही लागू पडते. तिथे तीन स्क्रू असतात. डावी जोडी आपसात, उजवी जोडी आपसात आणि मग मधल्या स्क्रूने दोन्ही जोड्या एकमेकींशी जुळवायच्या. क्रम बदलला तर जुळवलेलं पुन्हा सुटतं. चार गेज हवेतच असं नाही, पण दोन गेजवर करताना जोडी बदलली की रेस परत तपासावी लागते. रॉयल एनफील्डच्या ६५० ला मात्र हे सगळं लावू नका. ती इंजेक्शनची गाडी आहे आणि थ्रॉटल बॉडीवरचे रंग लावून बंद केलेले स्क्रू कारखान्यात बसवलेले असतात, ते हलवायचे नाहीत.

राजदूत ३५० वाले हाच गेज घेऊन बसतात, म्हणून त्यांच्यासाठीही. एस्कॉर्ट्सने १९८३ पासून बनवलेल्या या टू-स्ट्रोक गाडीत हवा रीड व्हॉल्व्हमधून (एकाच दिशेने उघडणाऱ्या पातळ पात्यांतून) क्रँककेसमध्ये जाते. त्या धडधडीत गेजचं रीडिंग भरवशाचं येत नाही. तिथे सिंक डोळ्याने आणि बोटाने करायचं. एअर फिल्टरचे रबर काढा, दोन्ही स्लाइडखाली सारख्या मापाच्या ड्रिल बिटचे मागचे टोक ठेवा आणि स्टॉप स्क्रू असे लावा की दोन्ही बिट सारखे घासत निघतील. मग मूठ हळू फिरवा. दोन्ही स्लाइड एकाच क्षणी उचलल्या पाहिजेत. एक मागे राहिली तर तिच्या केबलचा ॲडजस्टर कार्बोरेटरच्या डोक्यावर असतो, तो फिरवा. पूर्ण थ्रॉटलला दोन्ही स्लाइड तोंडाच्या वर गेल्या का ते पाहा. आणि ऑइल पंपाची केबलही त्याच मुठीशी जोडलेली असल्यामुळे कार्बोरेटरची केबल हलवल्यावर पंपाची खूण जुळते का ते तपासल्याशिवाय इंजिन सुरू करू नका. पंप मागे राहिला तर तेल कमी पडतं आणि पिस्टन धरतो.